मूळ पुरुषाची बायको

आमच्या घराण्याच्या वंशवेलीत अगदी खाली, बुंध्याशी, एक चौकोन आहे. त्यात मूळ पुरुषाचं नाव, त्यापुढे 'शिलेदार' आणि त्याखाली 'इ. स. १७७९ च्या सुमारास घाटावरून येऊन गाव वसवले' अशी ओळ. त्याला आडव्या रेघेने जोडलेला दुसरा, जरा लहान चौकोन आहे. त्यात 'पत्नी' एवढंच लिहिलंय. नावाच्या जागी नुसती टिंबं.

वर साडेतीनशेच्या आसपास माणसं पसरलेली. मी नवव्या पिढीत, उजवीकडच्या एका बारीक फांदीच्या टोकाला.

हा तक्ता माझ्या चुलत आजोबांनी, आप्पांनी, केला. आप्पा शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर मोडी शिकले. पण तक्त्याची सुरुवात काही पूर्वजांवरच्या प्रेमातून झालेली नाही. भावकीतल्या एका मुलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. आम्ही कुणबी. समितीपुढे वंशावळीचं शपथपत्र द्यावं लागतं आणि १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर पणजोबांची कोतवाल बुकातली जन्माची नोंद. आप्पांनी तहसील कचेरीत खेटे घातले, गाव नमुना १४ चे उतारे काढले, मुलीचं काम झालं. आप्पा मात्र थांबले नाहीत. १९६७ वर भागत होतं, ते १७७९ ला जाऊन टेकले.

आता भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराव झालाय की गावच्या वेशीवर एक कमान उभारायची आणि त्यावर 'गाव वसविणारे आद्य दांपत्य' असा संगमरवरी फलक लावायचा. मी 'कॉम्प्युटरवाला' असल्यामुळे वेबसाइट माझ्याकडे आली. हा लेख त्या वेबसाइटबद्दल नाही. ती करताना एक प्रश्न डोक्यात शिरला आणि काही केल्या निघेना, त्याबद्दल आहे. 'आम्ही हे गाव वसवलं' या वाक्यातलं 'आम्ही' म्हणजे कोण? १७७९ साली केलेल्या गोष्टीचं श्रेय २०२५ मध्ये कोणाच्या खात्यावर जमा होतं, आणि का?

आधी १७७९ कुठून आलं ते सांगतो. कागदावर ते साल नाही. घरात एक म्हणणं चालत आलंय की आपला पूर्वज 'गोऱ्यांची फौज घाटात अडकली त्या साली' आला. खालापूर तालुक्यात राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ लावणं अवघड नाही. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली. पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढून जायचं होतं. सैनिक चार हजारांच्या आसपास, आणि सामान वाहायला एकोणीस हजार बैल, असं इंग्रज इतिहासकारच लिहून ठेवतात. घाट चढण्यात आठवडे गेले. जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला मराठी मुलूख 'इष्टुर फाकडा' म्हणून ओळखतो. तळेगावला पोचेपर्यंत मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून ओसाड केला होता. फौज मागे वळली, वडगावला कोंडीत सापडली आणि तह करून सुटली. दोनच वर्षांनी, १७८१ मध्ये, जनरल गॉडर्ड पुन्हा बोरघाटाशी येऊन बसला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची रसद तोडली आणि त्याला पनवेलकडे माघार घ्यावी लागली.

पुस्तकांत ही वडगावच्या विजयाची गोष्ट असते. आमच्या बाजूने पाहिलं तर तीन वर्षांत दोनदा फौजा जाण्यायेण्याची गोष्ट आहे. मी एकदा हिशोब केला. एका बैलाला दिवसाला पाच किलो पेंढा धरला, तरी एकोणीस हजार बैलांना रोज ९५ टन. तो कोणाच्या उडव्यांतून आला असेल?

तर अशा धामधुमीत आमचा मूळ पुरुष आला. तक्त्यात तो शिलेदार आहे, म्हणजे स्वतःच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा. आता गंमत बघा. मी ज्या ज्या घराण्यांचे कुलवृत्तांत चाळले, त्यांत मूळ पुरुष बहुतेक वेळा घोड्यावरूनच येतो. पायी आलेला मूळ पुरुष मला अजून भेटायचाय. आमच्याकडची दुसरी लोकप्रिय सोय म्हणजे उंबरखिंड. १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला याच खालापूर तालुक्यात कोंडलं होतं, आणि आजूबाजूला 'आमचे पूर्वज त्या लढाईत होते' म्हणणारी घराणी मोजली तर खिंडीत उभं राहायला जागा पुरणार नाही.

आजीकडे वेगळी गोष्ट आहे. ती म्हणते, शिलेदार कसला, तो बैल हाकणारा होता. गोऱ्यांच्या तांड्याबरोबर धरून आणलेला. खोपोलीच्या पुढे घाटात एका रात्री बैल सोडून पळाला आणि रानात लपला.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, बायकांच्या गोष्टी त्या. त्याला पुरावा काय?" शिलेदाराला तरी पुरावा काय, असं मी विचारलं नाही. आप्पांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. पण मला वाटतं, पळालेला बैल हाकणारा हा शिलेदारापेक्षा चांगला पूर्वज आहे. दुसऱ्याच्या भांडणात फुकट मरायला नकार देणं, यात अभिमान वाटण्यासारखं बरंच काही आहे.

पण तिथेच अडतं. 'चांगला पूर्वज' असं मी म्हणतो तेव्हा मी बाजारात कलिंगड निवडल्यासारखा पूर्वज निवडतोय. आप्पांनी शिलेदार निवडला, मी बैलवाला. दोघांनीही आपल्याला आज जे मानाचं वाटतं ते भूतकाळात नेऊन ठेवलं आणि मग तिथूनच ते वारशाने मिळालं असं जाहीर केलं.

वेबसाइटचा डेटाबेस बनवताना एक तांत्रिक प्रश्न आला, तो तांत्रिक राहिला नाही. आप्पांच्या तक्त्यात प्रत्येक माणसाला एकच धागा वर जातो: बाप. एका नोंदीला एक बाप, बस. हे साठवायला फार सोपं असतं, झाड तयार होतं. पण मी आईसाठीही रकाना ठेवला. त्यावर ग्रुपवर चर्चा झाली. आई लिहायची, तर आईचे आईवडीलही लिहायचे का? ते तर दुसऱ्या घराण्याचे. आणि आपल्या मुली लग्न होऊन गेल्या, त्यांची मुलं लिहायची का? तीही दुसऱ्या घराण्याची. एका काकांनी स्पष्ट लिहिलं, "असं केलं तर ही आपली वंशवेल राहणार नाही, अख्ख्या तालुक्याची होईल."

काकांनी रागात लिहिलं होतं, पण गणिताच्या दृष्टीने ते अगदी बरोबर बोलले. मूळ पुरुष पहिली पिढी, मी नववी. म्हणजे मधे आठ पायऱ्या. एक पायरी वर गेलं की पूर्वज दुप्पट: दोन, चार, आठ, सोळा. आठव्या पायरीवर २५६ माणसं, म्हणजे १२८ जोडपी. आठही पायऱ्या मिळून ५१० पूर्वज. तक्त्यात त्यातले माझे आठ पुरुष आहेत, आणि नावानिशी चार बायका: आई, आजी, पणजी, खापरपणजी. पाचशे दहातले बारा. ज्या जोडप्याचा फलक लागणार आहे ते माझ्या १२८ जोडप्यांपैकी एक. उरलेल्या १२७ जोडप्यांनीही मी असण्याला तेवढाच हातभार लावलाय आणि त्यांच्यापैकी एकाही जोडप्याला कमान नाही. रक्ताच्या भाषेत बोलायचं तर त्या पिढीतल्या एका माणसाचा माझ्यातला वाटा सरासरी ०.३९ टक्के. आणि ती सरासरी आहे. पेशीत वारसा तुकड्यांनी येतो, त्यामुळे आठ पिढ्यांमागच्या काही पूर्वजांचा एकही तुकडा माझ्यात नसू शकतो.

अर्थात ती ५१० वेगवेगळी माणसं असणार नाहीत. आमच्याकडे सोयरिकी दहा-बारा कोसांत होत. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेत सुकी मासळी घ्यायला चार गावं जमली की त्यात लग्नंही जुळायची. म्हणजे तोच पूर्वज दोन-चार वाटांनी पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा हे झाड नाहीच, हे जाळं आहे. आणि जाळं असेल, तर त्या १७७९ च्या जोडप्याचे वंशज फक्त आम्ही साडेतीनशे आडनावबंधू नाही. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांत ते मुलींच्या वाटेने पोचलेले आहेत.

हे जाळं जातीच्या कुंपणापाशी थांबतं, असं कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी खरं आहे. पण ते कुंपण किती जुनं? हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं की भारतातले निरनिराळे समूह साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळत होते, आणि मग हे मिसळणं जवळजवळ बंद पडलं. म्हणजे आपली शुद्धता ही एका मोठ्या सरमिसळीवर नंतर लावलेलं कुलूप आहे.

इथवर आलो की एक सोपं उत्तर मोहात पाडतं: पूर्वज म्हणजे आकडेमोड, अभिमान खोटा, कमान रद्द करा आणि तो पैसा शाळेला द्या. माझ्या ऑफिसातले मित्र हेच म्हणतात. त्यांच्यातल्या एकाचं वाक्य आहे, "मी माझ्या आजोबांनी केलेल्या कशाचंही श्रेय घेत नाही आणि दोषही घेत नाही. माझं खातं माझ्यापासून सुरू." ऐकायला हे फार स्वच्छ वाटतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे शोधायला मला बराच वेळ लागला.

कायद्यातलं एक उदाहरण घ्या. जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज मुलाने, नातवाने, पणतवाने फेडावं हे धर्मकर्तव्य मानलेलं होतं. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने ते संपवलं. गंमत म्हणजे ज्या सहाव्या कलमात हे संपवलं, त्याच कलमात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क दिला. पण बाप मेला आणि त्याची मालमत्ता तुमच्याकडे आली, तर सावकार त्या मालमत्तेपुरतं मागू शकतोच. म्हणजे कर्ज तुमचं नाही. पण जे हातात आलंय, तेवढ्याला ते चिकटलेलं आहे.

मला वाटतं, श्रेय आणि दोष याऐवजी ही भाषा जास्त उपयोगी आहे. शिलेदारी किंवा पळून जाण्याचं धाडस माझं नाही, ते मला मिळालेलंच नाही. मला जे मिळालंय ते मोजता येतं. भातशेती. उन्हाळ्यातही पाणी टिकणारी विहीर. गावठाणातलं घर. आणि सगळ्यात मोलाचं, कागद. शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली ओळ, सातबाऱ्यावरचं नाव. त्या कागदांच्या जोरावर आमच्या घरातली मुलं कॉलेजात गेली, मी त्यांच्यातलाच. खातं माझ्यापासून सुरू होत नाही, कारण सुरुवातीची शिल्लक शून्य नव्हती.

मग ती शिल्लक कुठून आली, हे विचारावंच लागतं. फलकावरचं वाक्य म्हणतं, 'गाव वसविले'. तक्त्याच्या मागच्या पानावर आप्पांनी सविस्तर लिहिलंय की निर्जन अरण्य तोडून जमीन लागवडीखाली आणली. निर्जन. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर, ठाकरवाडी आहे. मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाताना कर्जत सुटलं की पळसदरी, जामब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी नावं लागतात. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली तेव्हा इंजिनिअरांनी ज्या डोंगराला भोकं पाडली तोही निर्जन नव्हता, नावातच लिहिलंय. (त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते, पटकीने आणि तापाने माणसं किड्यामुंगीसारखी गेली. त्यांची वंशवेल कोण करणार?) ठाकर आणि कातकरी आमच्या आधीपासून होते. आमच्या मूळ पुरुषाला रान तोडायला आणि पाणी कुठे आहे ते दाखवायला कोणीतरी मदत केलेली असणारच. नुकत्याच घाटातून पळालेल्या माणसाला एकट्याने पहिला पावसाळा निघत नाही.

आज परिस्थिती अशी आहे की आम्ही, जे १७७९ ला आलो असं स्वतःच म्हणतो, कागदाने पक्के आहोत. जे आधीपासून होते त्यांना पुरावे द्यावे लागतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीची नोंद शोधायची. ज्या वाडीत शाळाच १९५० नंतर आली, तिथे दाखला कुठून येणार? ठाकरांच्या बाबतीत तर नोंदीत 'ठाकूर' लिहिलंय की 'ठाकर', आणि हा ठाकूर आदिवासी की दुसरा, यावरून वर्षानुवर्षं खटले चालले. समित्या चालीरीती, देव, बोली यांची परीक्षा घेऊन 'तुम्ही ठाकर वाटत नाही' म्हणत दावे फेटाळायच्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही परीक्षा अंतिम कसोटी मानता येणार नाही. वनहक्क कायद्याचंही तसंच. २००६ च्या त्या कायद्यात जमातीबाहेरच्या वननिवासींनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवायचं आहे, आणि पिढी म्हणजे पंचवीस वर्षं अशी व्याख्याच केलीय. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या आजही दुसऱ्याच्या नावावरच्या जागेत उभ्या आहेत, पावसाळा संपला की घरं बंद करून वीटभट्टीवर जायचं. त्यांना मूळ पुरुष विचारून पाहा.

इर्शाळवाडी आमच्याच तालुक्यातली. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी, ४८ कुटुंबं, २२८ माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता. आश्रमशाळेत राहणारी मुलं वाचली, कारण त्या रात्री ती घरी नव्हती. मी त्या दिवसांत खाली चौकला गेलो होतो, पाण्याच्या बाटल्या पोचवायला. वर चढू देत नव्हते. गर्दीत दोन-तीन माणसं कागदावर घरवार नावं लिहून काढत होती: या घरात कोण कोण, कोणाचा कोण, कोणाची सून कुठली. मी पाहिलेली ती सगळ्यात घाईत लिहिलेली वंशावळ. तिच्यात 'निर्जन' वगैरे शब्द नव्हते.

वंश सिद्ध करणं ही हौस आहे की शिक्षा, हे तुम्ही टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलाय त्यावर ठरतं. याचं एक जुनं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. बेने इस्राएल लोक मानतात की ते अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून वाचलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांचे वंशज आहेत. सात जोडपी. (निदान तिथे बायका मोजल्या तरी आहेत.) गावोगाव पसरून त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' नाव पडलं, आणि किहीम, रोहे, पेण अशा गावांवरून 'कर' लावलेली आडनावं घेतली. शेकडो वर्षं इथे कोणी त्यांना 'तुम्ही खरे कोण' असं दरडावून विचारलं नाही. ते विचारलं गेलं इस्राएलमध्ये. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावण्याआधी आईच्या बाजूची चौकशी करायची, जितकं मागे जाता येईल तितकं मागे. निदर्शनं झाली, उपोषणं झाली, आणि १९६४ मध्ये संसदेने ठराव करून ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केल्यावर प्रकरण निवळलं. २०१६ मध्ये एका जनुकीय अभ्यासात दिसलं की त्यांच्यात ज्यू वारसा आहे आणि भारतीय वारसाही भरपूर आहे. सात जोडप्यांची गोष्ट अक्षरशः खरी की नाही, याने कोणाला काय फरक पडावा? पण लग्नाच्या मांडवात उभ्या असलेल्या मुलीला १९६२ साली फरक पडत होता.

अमेरिकेतही आमच्या मूळ पुरुषाचे समकालीन आहेत. तिकडचं स्वातंत्र्ययुद्ध आणि इकडची बोरघाटातली कोंडी एकाच काळातली. पुण्यात फ्रेंच वकील येऊन बसलाय म्हणून मुंबईकर इंग्रज बिथरले होते, आणि त्याच फ्रेंचांनी १७७८ मध्ये अमेरिकेशी हातमिळवणी केली होती. त्या युद्धात मदत केलेल्यांच्या वंशज स्त्रियांची 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' ही संस्था १८९० मध्ये निघाली. प्रवेशासाठी कागदोपत्री वंशावळ लागते. १९३९ मध्ये या संस्थेने मेरियन अँडरसन या थोर गायिकेला ती काळी आहे म्हणून आपलं वॉशिंग्टनचं सभागृह दिलं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी राजीनामा दिला आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पंचाहत्तर हजार लोकांपुढे गायल्या. 'आमच्या पूर्वजांनी स्वातंत्र्य आणलं' म्हणणाऱ्यांनी दार लावलं. पुढे १९७७ मध्ये कॅरन बॅचेलर या काळ्या स्त्रीला सदस्यत्व मिळालं, तेही वंशावळ दाखवूनच. जाळं खरोखर मागे नेलं की नको त्या ठिकाणी पोचतं, आणि मग दार उघडावं लागतं.

आमच्या परंपरेत यावर एक उपाय होता असं मला वाटतं, आम्ही तो विसरलो. भाषेकडे पाहा. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. त्यापुढे रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. पितृपक्षात नाव घेऊन पान वाढायचं ते तीन पिढ्यांना. बाकीचे सगळे, ज्यांची तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, सर्वपित्री अमावस्येला एकत्र जेवतात. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे जुना डेटा किती वर्षं ठेवायचा आणि मग कसा निनावी करायचा याचं धोरण असतं. आपल्या पूर्वजांचं धोरण त्याहून वाईट नव्हतं. तीन पिढ्या नावाने, पुढचे सगळे सगळ्यांचे. कावळा काही वंशावळ विचारत नाही.

आप्पांना मी हे म्हणून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "मग तुझ्या त्या ठाकरांचे पुरावे तरी कशाला शोधायचे? विसरू दे की त्यांनाही." याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला मान्य करावं लागेल की प्रश्न नेमका होता. विसरण्याची चैन ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यालाच परवडते. म्हणून आधी त्यांच्या नावावर कागद होऊ देत, मग सगळे मिळून विसरू. आप्पा म्हणाले, "तोवर कमान होऊ दे."

फलकावरच्या मजकुराचं भांडण अजून चालू आहे. 'निर्जन' हा शब्द वेबसाइटवरून मी काढला, आप्पांनी त्याला हरकत घेतली नाही. 'वसविले'वर ते अडून आहेत. 'येऊन राहिले' असं मी सुचवलंय. ग्रुपवर त्याला दोन अंगठे आले, दोन्ही माहेरवाशिणींचे.

शेवटी दुसऱ्या चौकोनाचं. आजी या घरात सून म्हणून आली, तिचं आमच्या मूळ पुरुषाशी रक्ताचं काही नातं नाही. तरी बैल सोडून पळालेल्याची गोष्ट तिच्याकडे आहे, तक्ता करणाऱ्या आप्पांकडे नाही. तिला ती तिच्या सासूने सांगितली, तिला तिच्या सासूने. भात लावताना, कांडताना, बाळंतिणीजवळ बसल्यावर. घराण्याची एक वंशवेल बापाकडून मुलाकडे गेली, दुसरी सासूकडून सुनेकडे. दुसरीत रक्ताचा थेंब नाही आणि गोष्टी सगळ्या आहेत.

गेल्या महिन्यात आजीजवळ लॅपटॉप घेऊन बसलो आणि बायकांची नावं विचारली. नावं तिला फार मागे सांगता येईनात. सासूचं नावसुद्धा तिने हळू आवाजात घेतलं. पण कोण कुठली हे तिला पाठ होतं. आजी स्वतः तुपगावची. तिची सासू वावोशीची. तिची सासू कडावची, दिसायला देखणी आणि तोंडाने फाटकी. त्याच्या वरची नेरळकडची, तिला वाघाने धरलेलं वासरू सोडवल्याची गोष्ट आहे. मी आईच्या रकान्याशेजारी 'कुठली' असा एक रकाना वाढवला आणि भरत गेलो.

आमच्या गावदेवीची पालखी उठण्याआधी वरच्या ठाकरवाडीतला म्हातारा येऊन पहिला नारळ वाढवतो. तो नारळ वाढवल्याशिवाय पालखीला खांदा लागत नाही. त्याला सगळं गाव, माझ्या वडिलांपासून शेंबड्या पोरांपर्यंत, 'मामा' म्हणतं. त्याच्या आधी त्याच्या बापाला म्हणायचे. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. मामा आपण कंडक्टरलाही म्हणतो.

"आणि पहिली?" मी आजीला विचारलं. "त्या बैलवाल्याची बायको. ती कुठली?"

आजी तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलंही नाही.

"ती कुठून येईल? ती हितलीच."